वाचकांचे प्रश्न : काडी टेकवून वाजते, ते वाद्य म्हणावे का?

प्रश्न : आदरणीय गुरुजी, सप्रेम नमस्कार. माझ्या १४ वर्षांच्या मुलाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. त्याची बोटे सुटी हलत नाहीत. मूठ मात्र वळते आणि मनगट बऱ्यापैकी चालते. त्याला पेटी शिकवून पाहिली, पण एक पट्टी दाबताना शेजारच्या दोन दाबल्या जात. दीड वर्षापूर्वी त्याच्या मामाने पुण्याहून स्टायलोफोन नावाचे, हातात मावणारे, काडी टेकवून वाजवायचे यंत्र आणून दिले. मुलाने त्यावर रोज बसून चार अभंगांच्या चाली बसवल्या. यंदाच्या हरिनाम सप्ताहात तो काकड्याला वाजवायला बसला, तेव्हा मंडळातील एक वयोवृद्ध टाळकरी म्हणाले, "ही मशीन आहे, तिला वाद्यांच्या पंगतीत बसवू नका." नंतर शाळेच्या स्नेहसंमेलनातही वादन स्पर्धेसाठी त्याचे नाव घेतले नाही, हे उपकरण विज्ञान प्रदर्शनात मांडा, असे सुचवण्यात आले. तेव्हापासून त्याने ते हातात घेतलेले नाही. हे खरोखर वाद्य आहे, की आम्हीच इतके दिवस त्याची समजूत घालत होतो?
— एक आई, ता. गंगाखेड, जि. परभणी

उत्तर : ताई, आधी निर्णय सांगतो आणि कारणे मागाहून देतो, कारण तुमचा मुलगा उत्तरासाठी खोळंबला आहे. तो वाजवतो ते वाद्य आहे आणि तो वादक आहे. हे मी त्याच्या आजाराकडे पाहून, मन राखण्यासाठी लिहीत नाही. दहाही बोटे मोकळी असलेल्या मुलाबद्दल हाच प्रश्न आला असता तरी माझे उत्तर हेच असते.

स्टायलोफोन १९६७ साली ब्रिटनमध्ये ब्रायन जार्विस यांनी तयार केला आणि पुढच्या वर्षी तो विक्रीला आला. त्याच्या दर्शनी भागावर पेटीच्या पट्ट्यांच्या क्रमाने मांडलेली धातूची सपाट घरे असतात आणि तारेने जोडलेली एक काडी असते. काडी एखाद्या घराला टेकली की विजेचा मार्ग पूर्ण होतो आणि त्या घराचा ठरलेला स्वर निघतो. काडी टेकलेली असेपर्यंत तो चालू राहतो आणि उचलली की तुटतो. म्हणजे स्वर कोणत्या मात्रेवर सुरू करायचा, किती वेळ धरायचा आणि कुठे सोडायचा, हे सगळे वाजवणाऱ्याच्या हातात राहते. काडी घासत नेली तर वाटेत लागणारे स्वरही वाजतात, त्यामुळे 'सा'वरून 'प'वर स्वच्छ जायचे असेल तर काडी उचलून नेमक्या क्षणी नेमक्या घरावर ठेवावी लागते. ज्याचे मनगट पूर्णपणे त्याच्या ताब्यात नाही, त्या मुलाने अशा रीतीने चार अभंग बसवले असतील, तर त्यामागे किती तास गेले असतील याचा मला अंदाज येतो. पेटीवर आठ महिने घालवूनही एक चाल धड न बसलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत.

एखादी वस्तू वाद्य आहे की नाही हे ठरवताना मी एक गोष्ट पाहतो: तिच्यावर चुकता येते का? कळ दाबली की भरून ठेवलेले भजन ऐकवणारा डबा कोणाच्याही हातात सारखाच वाजतो; त्याच्यापुढे दहा वर्षे बसलो तरी तो आपल्या हातून अधिक चांगला वाजणार नाही. तुमचा मुलगा मात्र घाईने काडी टेकवील तर लय पुढे जाईल, चुकीच्या घरावर टेकवील तर सूर चुकेल, आणि उद्या आजच्याहून बरे वाजवील. विजेवर चालण्या-न चालण्याशी याचा काही संबंध नाही. त्याच्या यंत्राला मर्यादा आहेत हे मीही मान्य करतो. काडी हळू टेकवली काय किंवा जोरात टेकवली काय, आवाज लहान-मोठा होत नाही, आणि खरी मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणे, त्यावर येत नाही. पण तुणतुण्याला तर एकच तार असते. तुळजापूरच्या देवीचा गोंधळ घालणाऱ्या गोंधळ्याच्या हातातील त्या एका तारेला वाद्य म्हणावे का, असा प्रश्न आपल्याकडे कोणी विचारलेला मला आठवत नाही.

वाजवायला इतके सोपे आहे म्हणून ते वाद्य नव्हे, असेही कोणी म्हणेल; पण तो आक्षेप तर तुमच्या मंडळातच टिकणार नाही. सप्ताहात वीणेचा पहारा असतो. दिवस-रात्र वीणा खाली ठेवायची नसते, म्हणून ती पहाऱ्यागणिक एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. त्या पहाऱ्यात उभे राहणारे शेतकरी, शिक्षक, दुकानदार वादनाचे शिक्षण घेतलेले नसतात. मोकळ्या तारा छेडत नाम घेणे एवढेच त्यांना करायचे असते. तरी सप्ताहात वीणेइतका मान दुसऱ्या कोणत्या वाद्याला मिळत नाही, आणि विणेकऱ्याच्या पाया पडल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. टाळ तर लहान पोराच्याही हातात देतात. ज्याला जे झेपेल ते त्याच्या हाती द्यावे आणि त्याला दिंडीत उभे करावे, ही वारकऱ्यांची जुनी रीत आहे. गंगाखेड हे जनाबाईंचे गाव. दळण-कांडणाच्या तालावर नाम घेणाऱ्या बाईला ज्या परंपरेने संतपदी बसवले, त्या परंपरेत या मुलाला जागा शोधावी लागू नये.

आता पेटीविषयी. काकड्याला जी पेटी लागते, ती आपल्या मातीतली नाही. हार्मोनियमचे पेटंट पॅरिसमध्ये आलेक्सांद्र दबँ यांनी १८४०च्या दशकाच्या सुरुवातीला घेतले. मांडी घालून एका हाताने भाता हलवायची जी पेटी आपण वापरतो, ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलकात्यात आकाराला आली. तिच्यावरही हेच आरोप झाले: स्वर आधीच ठरलेले, श्रुतींना, म्हणजे स्वरांमधल्या सूक्ष्म फरकांना, जागा नाही, मींड नाही. आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदी घातली आणि ती १९७१ साली शिथिल झाली. म्हणजे साधारण तीस वर्षे आकाशवाणीच्या लेखी पेटी संगतीलाही चालत नव्हती. आक्षेप खोटे नव्हते. पेटीवर तोडी रागाचा कोमल गांधार आजही हवा तेवढा उतरवता येत नाही. तरी गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी त्या मर्यादेतच एवढे वादन करून दाखवले, की मर्यादांची चर्चा मागे पडली.

दुसरे उदाहरण आणखी जवळचे आहे. लग्नाच्या वरातीत वाजणारा आपला बेंजो हा मुळात बुलबुलतरंग आहे, आणि बुलबुलतरंग जपानच्या नागोया शहरात १९१२ साली निघालेल्या ताइशोगोतोपासून आला आहे. त्या वाद्यावरील कळा टंकलेखन यंत्राच्या धर्तीवर बसवलेल्या होत्या, म्हणजे तार कुठे दाबायची हे शिकण्याचे कष्ट वाचावेत यासाठीच ते वाद्य घडवले गेले. आज त्याला पिकअप (तारेचा आवाज पकडणारे साधन) आणि भोंगे लावून आपल्याकडच्या बेंजो पार्ट्या गावच्या गाव नाचवतात, आणि तिथे कोणी वाद्याची जात विचारत नाही.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात तत (तारेची), अवनद्ध (कातडे मढवलेली), घन (टाळासारखी आघाताची) आणि सुषिर (फुंकीची) असे वाद्यांचे चार वर्ग सांगितले आहेत. युरोपातील हॉर्नबोस्टेल आणि झाक्स यांनी १९१४ साली केलेले वर्गीकरणही चारच वर्गांचे होते. विजेवर ध्वनी निर्माण करणाऱ्या वाद्यांचा पाचवा वर्ग पुढे त्यात जोडावा लागला. नवी वाद्ये येतात, तेव्हा शास्त्र आपली कोष्टके वाढवते.

तुमच्या मुलाला एक गोष्ट अवश्य सांगा. क्लारा रॉकमोर या लहानपणापासून व्हायोलिन शिकलेल्या, असामान्य गुणवत्तेच्या वादक होत्या. हाताच्या दुखण्यामुळे त्यांना व्हायोलिन सोडावे लागले. त्यानंतर त्या थेरेमिनकडे वळल्या. रशियातील लेव्ह तेरमेन यांनी १९२०च्या सुमारास शोधलेले हे वाद्य स्पर्श न करता वाजते: दोन अँटेनांच्या भोवतालच्या हवेत हात जवळ-दूर नेला की एकीने सूर चढतो-उतरतो आणि दुसरीने आवाज लहान-मोठा होतो. त्यावर सूर धरायला ना पट्टी असते ना पडदा, त्यामुळे ते अतिशय अवघड आहे, आणि रॉकमोर त्याच्या सर्वश्रेष्ठ वादक ठरल्या. ज्यांना हातही फारसा हलवता येत नाही, त्यांच्यासाठी ब्रिटनमध्ये साउंडबीम नावाचे साधन तयार झाले आहे. ते ध्वनितरंग बाहेर सोडते, त्यांच्या साहाय्याने शरीराची हालचाल ओळखते आणि तिचे स्वरांत रूपांतर करते, त्यामुळे मान किंवा खांदा हलवूनही वाजवता येते.

टाळकरीबाबांवर मात्र रागावू नका. त्यांच्या बोलण्यामागे एक खरे दुःख असण्याची शक्यता मला वाटते. कळ दाबली की तबला-ढोलक वाजवणारी यंत्रे आली आणि अनेक गावांतील भजनांमधून पखवाजाची जागा त्यांनी घेतली. चाळीस वर्षे मृदंग वाजवलेला माणूस घरी बसला आणि त्याच्याकडून शिकणारे कोणी उरले नाही. तिथे यंत्राने माणसाला उठवले, हे मलाही सलते. तुमच्या घरी त्याच्या उलट घडले आहे: यंत्रामुळे एक माणूस पंगतीत येऊन बसला. एखाद्या संध्याकाळी मुलाला घेऊन त्यांच्या घरी जा आणि एकच अभंग त्यांच्या टाळावर वाजवायला सांगा. टाळाशी लय जुळली की त्यांचे कान त्यांना जे सांगतील, ते माझ्या पत्राने सांगता येणार नाही.

त्याआधी दोन गोष्टी तपासून घ्या, कारण मंडळात खटकण्याचे कारण कदाचित त्यांतही असेल. पहिली स्वराची. मंडळ काळी दोनमध्ये (म्हणजे पेटीची दुसरी काळी पट्टी 'सा' धरून) गात असेल आणि मुलाने चाल घरी पांढरी एकमध्ये बसवली असेल, तर ती बेसूरच लागणार. जुन्या पेट्या थोड्या उतरलेल्याही असतात. म्हणून यंत्रावर स्वर चढवण्या-उतरवण्याची जी कळ असते, ती फिरवून पेटीच्या षड्जाशी ('सा'शी) मिळवून घ्या, आणि हे मिळवणे त्यालाच करू द्या. दुसरी गोष्ट ध्वनिक्षेपकाची. यंत्र ब्लूटूथच्या स्पीकरला जोडू नका. त्यात आवाज सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक उशिरा बाहेर पडू शकतो आणि मुलगा बरोबर मात्रेवर वाजवत असूनही मागे पडल्यासारखा ऐकू येतो. साधी तार वापरा, आणि गावात वीज जाते हे धरून सेल जवळ ठेवा.

शाळेला लेखी अर्ज द्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याचे कलम २९ सांस्कृतिक जीवनातील सहभागाविषयी आहे, त्याचा उल्लेख करा. सवलतीचे गुण मागू नका. सूर, लय आणि चालीची समज या ज्या गोष्टींवर इतर मुलांचे वादन तपासले जाते, त्यांवरच याचेही तपासावे, एवढीच मागणी ठेवा.

प्रश्न : मी शास्त्रीय गायन शिकतो. घरी इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावर रियाज करतो. आमच्या वर्गातील काही जण याला वाद्य मानत नाहीत. आपले मत काय?
— एक विद्यार्थी, उदगीर, जि. लातूर

उत्तर : या बाबतीत मी तुमच्या वर्गातील मंडळींच्या बाजूला अधिक झुकतो. बेंगळुरूचे अभियंते आणि बासरीवादक जी. राज नारायण यांनी १९७९च्या सुमारास असा तानपुरा तयार केला. घरात तानपुरा नसलेल्या, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या हजारो विद्यार्थ्यांचा रियाज त्यामुळे शक्य झाला, हे मोठे काम आहे. पण तो एकदा लावला की आपला आपण वाजत राहतो, आपल्याला त्यावर चुकता येत नाही, म्हणून मी त्याला रियाजाचे उत्तम साधन म्हणतो, वाद्य म्हणत नाही. तारेचा तानपुरा लावताना खुंटी आणि मणी फिरवत फिरवत कान तयार होतो. जवारीत, म्हणजे घोडीवर तारेखाली, दोरा नेमका बसला की खर्जाच्या तारेतून गांधार आपोआप उमटू लागतो, आणि तो ऐकू येणे हे शिक्षणच आहे. आठवड्यातून एकदा गुरूंकडे जाल तेव्हा त्यांचा तानपुरा लावण्याची परवानगी मागा. एरवी यंत्रावर निःशंक रियाज करा.

प्रश्न : माझी नात मोबाईलवरील पेटीच्या ॲपवर गाणी वाजवते. तिला पेटी येते असे म्हणावे का?
— एक आजोबा, अंबाजोगाई, जि. बीड

उत्तर : आजोबा, तिला स्वरांची जागा कळते आणि ऐकलेली चाल शोधून काढता येते, हे कौतुकाचे आहे, आणि तेवढ्यापुरते ते वादनच आहे. पेटी येते असे मात्र अजून म्हणता येणार नाही, कारण पेटीतील निम्मे काम डाव्या हाताचे असते. भात्याने हवा किती आणि कशी द्यायची यावर स्वराचा श्वास ठरतो, आणि मोबाईलच्या काचेवर तो हात रिकामाच राहतो. लगेच नवी पेटी विकत घेऊ नका. जवळच्या भजनी मंडळाला विचारून तिला त्यांच्या पेटीवर बसवा आणि पहिले दोन-तीन दिवस उजव्या हाताने एकच 'सा' धरून, आवाज न हलता, भाता चालवायला सांगा.