कोकणातून पहाटे दादरला उतरल्यावर फुलबाजार बघता येईल का? किती वाजता जावं?

येईल की, आणि तीच खरी वेळ. कोकणकन्या एक्सप्रेस उजाडायच्या आत दादरला सोडते. पश्चिमेला बाहेर पडा, केशवसुत उड्डाणपुलापाशी या (आपल्या मालगुंडचे केशवसुत हो!), पुढे वास नेईल तसं जा. चार ते सात घाऊक धंद्याची वेळ. उजाडलं की किरकोळ गिऱ्हाईक वाढतं.

झेंडू, शेवंती घाटावरून येतात, ढिगानं, किलोवर. ते एक नजर टाकून सोडा. थांबायचं ते सोनचाफ्यापाशी. वसईकडचे शेतकरी पहाटेच्या लोकलनं चाफा घेऊन येतात. तो नगावर विकला जातो आणि उन्हं वर आली की काळवंडायला लागतो, म्हणून सगळी घाई. मोगरा घेताना मिटलेली कळी बघून घ्या. उमललेला संध्याकाळपर्यंत टिकत नाही.

पाटीवाले 'बाजूला, बाजूला' ओरडत येतात, त्यांना आधी वाट द्या. फोटो काढायचा तर विचारून, आणि आधी पाच-दहाची फुलं घेऊन. चपला जुन्या घाला, खाली कायम चिखल. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मात्र सामान घेऊन शिरू नका, चेंगराल.

एक सांगू? सुरंगीच्या सुवासिक फुलांसाठी मुंबई गाठायची गरज नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये वेंगुर्ले, सावंतवाडीच्या बाजारात सकाळी जा, बायका सुरंगीचे वळेसर (गजरे) घेऊन बसलेल्या असतात. माझ्या मते दादरचा अख्खा बाजार त्यापुढे फिका.