आरसीवर एक इंजिन, जीपमध्ये दुसरं: विसार दिल्यानंतर काय कराल?

प्रश्न: सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून १९४४ ची लष्करी विलिस एमबी जीप साडेआठ लाखांना ठरवली आहे. एक लाख विसार बँकेतून दिला. विकणाऱ्याने व्हॉट्सॲपवर ‘ओरिजिनल इंजिन, नंबर मॅचिंग’ (म्हणजे कागदावरचा आणि गाडीवरचा नंबर एकच) असं लिहिलं होतं. आरसी त्याच्या वडिलांच्या नावावर आहे आणि वडील २०१९ मध्ये वारले. आरसीची मुदत २०२१ ला संपली. पहिली नोंदणी १९६८ ची आहे. आरसीवरचा इंजिन नंबर ‘एमबी’ने सुरू होतो, इंजिनाच्या ब्लॉकवर मात्र ‘४जे’ कोरलंय. तो म्हणतो, वडिलांच्या सह्या असलेले २९ आणि ३० नंबरचे (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे) फॉर्म तयार आहेत, नोटरी करू, उरलेले पैसे द्या आणि गाडी न्या. नेऊ का?

उत्तर: नेऊ नका. जीप त्याच्या अंगणात उभी आहे तोवर कायदा पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे. वस्तू विक्री अधिनियम, १९३० च्या कलम १५ नुसार वर्णन करून विकलेली वस्तू त्या वर्णनाबरहुकूम असावी लागते; नसेल तर तुम्ही ती नाकारू शकता. पण एकदा ती स्वीकारली की कलम १३ खाली साधारणपणे नुकसानभरपाईच मागता येते, गाडी परत करून पैसे मागता येत नाहीत. आणि स्वीकारण्यासाठी सहीच लागते असंही नाही. गॅरेजला नेऊन इंजिन उतरवलं, रंग खरवडला किंवा तक्रार न करता बरेच दिवस ठेवून घेतली, तरी कलम ४२ प्रमाणे ती स्वीकारली असं धरलं जातं. जुन्या गाड्यांचे बहुतेक वाद इथेच हातचे जातात, कारण हौशी माणूस पहिल्याच रविवारी पाना घेऊन बसतो.

आता इंजिन. बॉनेट उघडा आणि वरून बघा. युद्धकाळातल्या एमबीचं ‘गो-डेव्हिल’ इंजिन साइड व्हॉल्व्हचं: दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, त्यामुळे हेड सपाट आणि त्यावर रॉकर कव्हर (व्हॉल्व्हची यंत्रणा झाकणारं झाकण) नाही. ‘४जे’ नंबर सीजे-३बी या नागरी जीपच्या ‘हरिकेन’ इंजिनाला असे. त्याचे इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये असतात, म्हणून वर पत्र्याचं रॉकर कव्हर दिसतं. ते उंच असल्यामुळेच सीजे-३बीचं बॉनेट उंच आहे. एमबीच्या बसक्या बॉनेटखाली बसवायला कापाकापी करावी लागते. रॉकर कव्हर दिसलं तर ‘ओरिजिनल इंजिन’ हे वर्णन खोटं ठरलं. समोरून, पुढची चाकं आणि इंजिनाचं टोक एकाच फोटोत येतील असा तारखेसह फोटो काढून ठेवा.

चेसिस तपासताना पट्टीवर विसंबू नका. एमबीचा नंबर डाव्या चेसिस रेलच्या आतल्या बाजूला, पुढच्या बंपरमागे रिव्हेट केलेल्या पट्टीवर असतो, आणि पट्टी काढून दुसरीकडे ठोकता येते. रिव्हेट नवे आहेत का, भोवती वेल्डिंग किंवा पुट्टी आहे का, हे बघा. याच जीपच्या फोर्डने बनवलेल्या आवृत्तीचा, जीपीडब्ल्यूचा, नंबर थेट डाव्या रेलच्या वरच्या बाजूला ठोकलेला असे. तिथला रंग ग्राइंडरने नव्हे, थिनरने काढा. अक्षरं वेडीवाकडी किंवा पृष्ठभाग घासून खोलगट झालेला दिसला तर तिथेच थांबा. रेडिएटरखालचा क्रॉस मेंबर (चेसिसचा आडवा दांडा) गोल नळीचा असेल तर ती विलिसची चेसिस. उलट्या ‘यू’ आकाराचा असेल तर फोर्डची. ग्रिलला नऊ फटी हव्यात, नागरी सीजेला सात असतात. एमबीला मागे उघडणारं फळकं नसतं. ते असेल तर बॉडी बदललेली आहे किंवा मूळ गाडीच सीजे आहे.

आरसीवर १९४४ लिहिलंय म्हणून गाडी १९४४ ची ठरत नाही. आरटीओने तेव्हा समोर आलेल्या कागदावरून नोंद केली, एवढंच तिथून कळतं. म्हणून १९६८ च्या नोंदणीवेळचा लष्करी लिलावाचा कागद मागा आणि विकणाऱ्याच्या लेखी संमतीने मूळ नोंदणीच्या तपशिलाचा उतारा काढा. वाहन पोर्टलवर कर्जाचा बोजा आणि ई-चलन पाहा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ सेवेवर चेसिस नंबर आणि ‘४जे’ नंबर, दोन्ही वेगवेगळे टाका, कारण ते इंजिन कुठल्या गाडीतून आलं हे आज कुणालाच सांगता येत नाही.

मालकीचा प्रश्न मला इंजिनापेक्षा गंभीर वाटतो. वडिलांच्या सहीचे फॉर्म वापरूच नका. मृत माणूस आज गाडी हस्तांतरित करू शकत नाही. त्या कोऱ्या फॉर्मवर आजची तारीख टाकून तो आरटीओत दिलात तर खोटा दस्त खरा म्हणून वापरल्याचा ठपका तुमच्यावरही येईल. केंद्रीय मोटार वाहन नियम ५६ नुसार वारसाने ३० दिवसांत मृत्यू कळवून तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरायचा असतो. उशीर झाला असला तरी वाट तीच: आधी गाडी त्याच्या नावावर, मग २९ आणि ३० ने तुमच्या. कुटुंब हिंदू असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर विधवा, सगळी मुलं-मुली आणि मृताची आई हयात असेल तर तीही समान वारस आहेत. लग्न झालेल्या बहिणींची संमती हमखास राहून जाते. सगळ्यांची प्रतिज्ञापत्रं हवीत.

मुदत संपलेली आरसी आधी नूतनीकरण करावी लागेल. तिथे निरीक्षक नंबरांची पेन्सिल प्रिंट (नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीने घासून काढलेला ठसा) घेतो आणि इंजिन तिथेच अडकतं, कारण मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ प्रमाणे बदलाची नोंद नाही. विंटेज नोंदणीचा (जुन्या गाड्यांच्या खास नोंदणीचा) विचार असेल तर २०२१ च्या नियम ८१अ नुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली हवीत (१९६८ मुळे ती झाली आहेत), पण चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. हे इंजिन ठेवून ती नोंदणी मिळेल असं धरून किंमत देऊ नका.

विसार परत मागता येईल. खोट्या वर्णनावर झालेला करार भारतीय करार अधिनियमाच्या कलम १९ खाली तुम्ही रद्द करू शकता आणि कलम ६५ नुसार त्याला मिळालेला लाभ परत करावा लागतो. ‘विसार परत मिळणार नाही’ असं कुठे लिहिलं असलं तरी त्याची फसवणूक झाकली जात नाही. विकणारा व्यापारी नसेल तर ग्राहक आयोगाकडे जाऊ नका, तिथे वेळ जाईल. दावा दिवाणी न्यायालयात, तीन वर्षांच्या आत. हेतू फसवणुकीचाच होता असं दिसलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, पण आधी नोटीस द्या.

नोटिशीत त्याचा व्हॉट्सॲप मजकूर शब्दशः, दोन्ही इंजिन नंबर आणि रॉकर कव्हरचा फोटो द्या. पंधरा दिवसांत एक लाख परत मागा आणि स्पीड पोस्टने, पोच पावतीसह पाठवा. त्याआधी संपूर्ण चॅट एक्सपोर्ट करा. चॅट असलेला तुमचा फोन विकू किंवा रिसेट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं (इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं) प्रमाणपत्र देताना तोच फोन लागेल.