क्रूशी खोटं बोलायचं नाही

बेटा,

परवा रात्रीचा तुझा मेसेज मी तीनदा वाचला. "मावशी, शंभर किलोमीटरच्या शर्यतीत थांब्याथांब्यावर खाणंपिणं देऊन सांभाळणारी माणसं, तो क्रू, मला नकोच. आई म्हणते मी येते, ग्रुपमधले म्हणतात आम्ही येतो, पण मला कुणालाच रात्रभर जागवायचं नाही. एकटीच करते." लगेच उत्तर दिलं असतं तर रागात दिलं असतं, म्हणून दोन दिवस थांबले. राग अजून थोडा आहेच.

शंभर किलोमीटर तू पळशील, त्यावर मला बोलायचं नाही. मे महिन्यात नागपूर पंचेचाळीस डिग्रीवर तापलेलं असताना पहाटे चारला सेमिनरी हिल्सच्या चढावर फेऱ्या मारणाऱ्या पोरीला पायांबद्दल मी काय सांगणार? मला काळजी तुझ्या पायांची नाही, तोंडाची आहे. रामटेकला गडावरून उतरताना तुझा घोटा मुरगळला तो दिवस आठव. मी विचारलं, तू म्हणालीस, "काही नाही." ग्रुपमधल्या दोघांनी विचारलं, "काही नाही." खाली अंबाळा तलावापर्यंत तशीच लंगडत आलीस. बूट काढलास तेव्हा घोटा वांग्यासारखा टम्म फुगला होता. तेवढ्यात तुझ्या धाकट्या भावाचा फोन आला. तू फक्त "हं, बोल" म्हणालीस आणि तो पलीकडून म्हणाला, "काऊन, का झालं? रडतेस का?" मग तू रडलीस.

ते डोक्यात ठेव, त्यावर परत येते.

कुणाला त्रास द्यायचा नाही, हे तुझं म्हणणं मला नवीन नाही. माझे वडील दरवर्षी नागपंचमीच्या आधी पचमढीला जायचे, नागद्वारच्या यात्रेत, मंडळाबरोबर. आपल्या विदर्भातली किती मंडळं त्या डोंगरात तंबू टाकून बसतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला खाऊ घालतात, हे तुला माहीत आहे. वडील चहाच्या पातेल्याशेजारी बसायचे. पावसात भिजलेला, चिखलाने माखलेला माणूस आला की ते "कसं काय" असं कधीच विचारत नसत. विचारलं तर तो "हर हर महादेव" म्हणणार आणि पुढे निघणार. ते म्हणायचे, "बस. पाय दाखव." त्या माणसांचा त्यांना त्रास झाला, असं त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नाही. तुझ्यासाठी एक रात्र जागणाऱ्याला त्रास होतो, हे तू परस्पर ठरवू नकोस.

त्रास कशाने होतो ते मला विचार. नऊ वर्षांपूर्वी, सत्तेचाळिसाव्या वर्षी, मी एकशेसाठ किलोमीटरची शर्यत धरली होती. क्रूमध्ये माझा धाकटा भाऊ. शहाण्णव किलोमीटरच्या थांब्यावर रात्री अकराला मी पोचले. त्याने पुठ्ठ्यावर प्रश्न लिहून ठेवले होते, टॉर्च धरून एकेक वाचला. शेवटची लघवी कधी झाली? म्हटलं, आत्ताच, मागच्या ओढ्यापाशी. रंग? साफ. दुखण्यावरची गोळी घेतलीस का? नाही. बेटा, मला सात तास लघवी झाली नव्हती. आणि त्याआधी झाली ती कोऱ्या चहाच्या रंगाची होती. कंबरेच्या पाऊचमधून आयब्युप्रोफेनच्या दोन गोळ्या मी अंधारात गिळल्या होत्या. त्याने मान डोलावली, पाणी भरून दिलं, हेडलॅम्पचे सेल बदलले. पुढचा बावीस किलोमीटरचा घाट होता, तिथे गाडी जात नाही.

स्वयंसेवकांनी मला उचलून खाली आणलं. पाच दिवस सलाईन. डायलिसिसची भाषा सुरू झाली होती, सुदैवाने तिथवर गेलं नाही. स्नायू फार झिजले की त्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं, लघवी काळपट होते, मूत्रपिंडं तुंबतात. अंगात पाणी कमी असेल आणि वरून ती गोळी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी कमी करत असेल, तर आपण स्वतःच्या हाताने आगीत तेल ओततो. याचं दुसरं टोकही आहे. माणूस नुसतं पाणी पीत राहतो, रक्तातलं सोडियम खाली जातं, बोटं सुजतात, अंगठी रुतते, मळमळतं, बरळायला होतं. त्याने किती पाणी ढोसलंय हे क्रूला ठाऊक नसेल तर ते मायेने आणखी बाटली पुढे करणार, आणि त्याने जीव जाऊ शकतो. वरवर दोघंही सारखेच दमलेले दिसतात. फरक कळतो तो फक्त तू खरं सांगितलंस तर. म्हणून क्रूशी खोटं बोलायचं नाही.

भाऊ रात्रभर घाटाच्या पलीकडच्या थांब्यावर वरणभाताचा डबा मांडीवर घेऊन बसला होता. दवाखान्यात तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, "ताई, मी इचारलं होतं ना तुले?" त्यानंतर तो माझ्या क्रूमध्ये कधी आला नाही. राखीला येतो, दिवाळीला येतो, धावण्याचा विषय निघाला की उठून गॅलरीत जातो.

मी खोटं का बोलले, हेही ऐक. दहा महिने नोकरी आणि सासूबाईंचं आजारपण सांभाळून मी तयारी केली होती. खरं सांगितलं असतं तर त्याने तिथेच बूट काढून घेतले असते. आणि आपल्याला "मला काही नाही झालं" म्हणायची सवय किती जुनी आहे! अंगात ताप असताना पोळ्या लाटतो आणि विचारलं की हसतो. ती सवय मला लांबच्या धावण्यात उपयोगी पडली, हेही खरं आहे. तिच्याशिवाय मी शहाण्णवपर्यंत पोचले नसते. अजूनही एखाद्या रात्री वाटतं, तो घाट मी काढला असता, चढ तर संपत आला होता. काढला नसता. तरी वाटतं.

1974 साली अमेरिकेत गॉर्डी एन्सली नावाचा माणूस घोड्यांच्या शंभर मैलांच्या शर्यतीत घोड्याशिवाय, आपल्या पायांनी पळाला. 23 तास 42 मिनिटांत पोचला. माणसांनी शंभर मैल पळायची आजची वेस्टर्न स्टेट्स शर्यत तिथून निघाली. घोड्यांच्या त्या शर्यतीत वाटेत जागोजागी पशुवैद्य घोड्याची नाडी बघतात आणि नापास झालेला घोडा पुढे जाऊ देत नाहीत. घोड्याला "मी मस्त आहे" म्हणता येत नाही, हे त्याचं भाग्य. आपल्याला म्हणता येतं.

एकटीने करता येतं, हो. पुष्कळ जण करतात, मीही केलंय. पण पहाटे तीनला स्वतःच्या डोक्याइतकं फसवणारं कुणी नसतं. अमेरिकेत डेथ व्हॅलीच्या वाळवंटातल्या 217 किलोमीटरच्या बॅडवॉटर शर्यतीला स्वतःचा क्रू आणल्याशिवाय उभंच करत नाहीत, ते काय उगीच? पहिल्या शंभरला तू एकटी जाणार नाहीस. हा वाद संपला.

आता कोण, ते. आई नाही. आई कमी पडेल म्हणून नाही. तिचा चेहरा उतरू नये म्हणून तू पहिल्याच थांब्यावर खोटं बोलशील म्हणून. तिला मीठ लावून उकडलेले बटाटे आणि मऊ भात करून द्यायला सांग, ते काम तिच्याइतकं कुणी करणार नाही. ग्रुपमधला एक जण गाडीसाठी घे, आणि त्याला दोन थांब्यांच्या मधे झोपायला लाव. झोपेत गाडी चालवणारा क्रू नको. आणि मुख्य माणूस तुझा भाऊ. त्याला धावण्यातलं ओ की ठो कळत नाही, माहीत आहे. थांबा कोणता आणि कुठे मदत केली की तू बाद होशील, एवढे नियम त्याला एका संध्याकाळी शिकवता येतील. फोनवर तुझा श्वास ओळखणारा माणूस शिकवून तयार होत नाही.

त्याच्यासमोर आधीच बोलून टाक: तू थांब म्हणालास की मी थांबणार, वाद घालणार नाही. तो म्हणेल, "मी कोण सांगणारा?" तेव्हा त्याला रामटेक आठवून दे.

या रविवारी दोघं साडेचारला सेमिनरी हिल्सच्या गेटपाशी या. तू तीस किलोमीटर पळशील, तो दर सहा किलोमीटरला थांबवून विचारेल. शेवटची लघवी कधी, रंग कोणता, काय खाल्लंस, काय बाहेर पडलं, गोळी घेतलीस का, बोटं दाखव. पुठ्ठा मी आणते. माझ्याकडे तो जुनाच आहे, भावाच्या अक्षरातला.

आणि पोराला स्वेटर घालून आण. डिसेंबरच्या पहाटे गाडीत नुसतं बसून फार गारठायला होतं.

तुझी,
मावशी