‘मोबाइल वर्कर’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा होता की समाजकार्याच्या प्रोजेक्टसाठी पुण्यातल्या मोबाइल वर्कर्सचा, म्हणजे एसी दुरुस्तीवाले, सेल्समन, एसटीवाले अशा कामासाठी दिवसभर फिरणाऱ्यांचा, रोजचा दिवस बघायचाय, तर त्यांना ‘भ्रमणशील कामगार’ म्हणू का, आणि शॅडोइंगला (सोबत राहून बघण्याला) ‘पाळत’ चालेल का.

पाळत तर अजिबात नको. पाळत चोरावर ठेवतात नाहीतर सुनेवर. आणि भ्रमणशील म्हटलं की आधी भ्रमणध्वनीच आठवतो, समोरचा विचारेल मोबाइल रिपेअरवाला का! ‘भटके’ हा शब्द तर भटक्या-विमुक्तांसाठी सरकारदरबारी ठरलेला आहे, तो तिकडेच राहू दे. ‘स्थलांतरित’ही नाही, कारण ऊसतोडीला जाणारी टोळी सीझनभरासाठी गाव सोडते, तुमचा एसीवाला मात्र रात्री धायरीला घरीच जेवतो.

आपल्याकडे ‘फिरती’ हा चांगला वापरातला शब्द आहे की. साहेब फिरतीवर आहेत, फिरतीची नोकरी. त्यामुळे मी ‘फिरतीवरचे कामगार’ म्हणेन. ‘फिरते कामगार’ चुकीचं नाही, पण ‘वर’ लागला की कळतं हा माणूस उगाच भटकत नाहीये, ड्यूटीवर आहे (ड्यूटीलाही ‘वर’च लागतो बघा).

आता शॅडोइंग. म्हणजे एका माणसाबरोबर दिवसभर, कधी आठवडाभर राहून तो काय करतो ते टिपायचं. व्यवस्थापनाचा अभ्यासक हेन्री मिंट्झबर्गने 5 संस्थाप्रमुखांचं एकेक आठवडा असं जवळून निरीक्षण केलं, त्यावरचं पुस्तक 1973 चं, पण त्याची मंडळी बरीचशी ऑफिसातली होती, तुम्हाला स्कूटरवर मागे बसावं लागणार. ‘छायानिरीक्षण’ असा शब्द पाडता येईल पण तो ग्रहणाच्या बातमीतला वाटतो. ‘सोबत फिरून निरीक्षण’ लिहा सरळ. ‘सहभागी निरीक्षण’ त्याला लावू नका, ती वेगळी पद्धत, त्यात आपणही ते काम थोडंफार करतो, नुसतं बघत नाही. डायरी मेथडला, म्हणजे माणसाने स्वतःच दिवसाची नोंद ठेवायची त्या पद्धतीला, ‘रोजनिशी’ आहेच, फक्त दिवसभर हेल्मेट घालून फिरणारा माणूस रात्री लिहीत बसणार नाही, त्याला व्हॉइस नोट पाठवायला सांगा, नाव रोजनिशीच ठेवा.

एक मात्र करा, प्रश्नावलीत त्यांचे शब्द घ्या. मागे आमच्याकडे प्युरिफायर दुरुस्त करायला आलेल्या मुलाला मी विचारलं, तुझं कामाचं ठिकाण कुठलं? तो गोंधळला, म्हणाला, “ऑफिस बाणेरला आहे, पण मी जात नाय तिकडं, फिल्डवरच असतो.” मग विचारलं आज फिल्ड कुठं, तर सिंहगड रोडपासून पाचही कॉल घडाघडा सांगितले, चहा कुठे घेतला त्यासकट. सेल्समनला ‘आज बीट कुठली’ (म्हणजे फिरायचा ठरलेला भाग कुठला) विचारा. एसटीतल्याला ‘मुक्कामी गाडी’ म्हटलं की तो रात्री कुठल्या गावात झोपतो, पाणी कुठून आणतो ते आपणहून सांगायला लागतो, तिथे ‘रात्रपाळीतील वास्तव्य’ असलं काही छापलंत तर तो फॉर्म सही करून परत देईल, बाकी रकाने कोरे.