दारावरचा मासा आणि आपला मानमरातब

लखनौ फिरून आलेल्या एका वाचकाचा प्रश्न असा: "कैसरबागेचे दरवाजे, इमामबाडा, जिकडे बघावं तिकडे भिंतीवर जोडीने मासे. गाईड म्हणाला, 'ये माही मरातिब है.' हा मरातिब म्हणजे आपल्या 'मानमरातबा'तलाच का? आणि माही म्हणजे महिना ना, सहामाहीतला? मग त्याचा माशाशी काय संबंध?"

पहिल्याचं उत्तर: हो, तोच. दुसऱ्याचं: नाही. पण ही दुसरी चूक इतकी छान आहे की आधी तीच घेतो.

फारसीत 'माह' म्हणजे चंद्र, आणि चंद्रावरून मोजायचा तो महिना. आपल्या दरमहा, तिमाही, सहामाही या शब्दांत हा माह आहे. 'माही' म्हणजे मासा. दोघांत फरक एका ईकाराचा, आणि सहामाहीत माहला ईकार लागल्यावर तोही उरला नाही. गोंधळ व्हायचाच.

आता हीच जोडी मराठीत बघा. मास म्हणजे महिना: चातुर्मास, अधिक मास, मासिक. मासा म्हणजे मासा. तिकडे माह-माही, इकडे मास-मासा. हा योगायोग की नातं? थोडं हे, थोडं ते.

संस्कृत मास आणि फारसी माह हे सख्खे. संस्कृतात जिथे स असतो तिथे इराणी भाषांत बहुधा ह सापडतो. सप्त आणि हफ्त ही जोडी प्रसिद्धच आहे, आणि आपण दर महिन्याला भरतो तो हप्ता या हफ्तातूनच आलेला. मत्स्य आणि माही हेही एकाच घरातले. पण माहीतला ह या रस्त्याने आलेला नाही. पारशांच्या जुन्या धर्मग्रंथात, अवेस्तात, माशाला 'मस्य' म्हणत. फारसीच्या पूर्वजात मात्र त्या स च्या जागी जीभ दातांना टेकवून काढायचा, थ च्या जवळचा ध्वनी होता आणि त्याचा घासत घासत ह झाला. म्हणजे दोन ह दोन दिशांनी चालत आले आणि एकाच बाकावर शेजारी बसले.

मराठीतही नेमकं असंच घडलं आहे. 'मास'मधला स संस्कृतातून जसाच्या तसा उचललेला. 'मासा'मधला स मात्र मराठीची घरची कमाई. मत्स्यचं प्राकृतात मच्छ झालं. हिंदीने तो छ जपला, म्हणून मछली. गुजरातीने जपला, म्हणून माछली. मराठीने त्याचा स करून टाकला. हा काही माशाचा एकट्याचा लाड नव्हे. वत्सापासून हिंदीत बछडा, मराठीत वासरू. ऋक्षापासून हिंदीत रीछ, मराठीत रीस. अस्वलाला रीस म्हणणारे आता फारसे भेटत नाहीत, पण मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशात ही रीस आहे. या हिशेबाने बाजारातली 'मच्छी' बाहेरून आलेली पाहुणी ठरते, घरची ती 'मासळी'. पाहुणीच घरात जास्त वावरते, त्याला इलाज नाही.

(तिसरा एक मासाही आहे, सोनाराकडचा. बारा मासे म्हणजे एक तोळा. तो 'माष' म्हणजे उडदाच्या दाण्यावरून आला. एखाद्याची तब्येत 'तोळामासा' असते तेव्हा त्यात पोहणारा मासा शोधू नये.)

फारसी बोलणाऱ्यांनाही माह-माहीच्या या सारखेपणाची मौज वाटलेली आहे. 'अज माह ता माही', म्हणजे चंद्रापासून माशापर्यंत, असा फारसीत एक वाक्प्रचार आहे. अर्थ, अगदी वरपासून अगदी तळापर्यंत. तळाशी मासा का? कारण त्यांच्या जुन्या विश्वकल्पनेत पृथ्वी बैलाच्या शिंगावर आणि तो बैल माशाच्या पाठीवर. आपल्याकडे हे ओझं शेषाच्या फण्यावर नाहीतर कासवाच्या पाठीवर.

आता मरातब. मूळ अरबी शब्द 'मर्तबा', म्हणजे पायरी, दर्जा. रुतबा आणि हिंदीतली तरतीब ही त्याच धातूची भावंडं. मर्तबाचं अनेकवचन 'मरातिब', म्हणजे दर्जे. मराठीत येताना मधला इकार गळाला. मालिकचा मालक झाला, खातिरची खातर, हाजिरचं हजर, त्याच चालीवर मरातिबचा मरातब. आणि अनेकवचन होतं ते एकवचन झालं. आपण 'त्याचा मरातब' म्हणतो, 'त्याचे मरातब' नाही. यात नवल नाही. आपला 'अहवाल' हे मुळात 'हाल'चं अनेकवचन, 'औलाद' हे 'वलद'चं, 'असामी' हे 'इस्म' म्हणजे नाव याचं, 'उमराव' अमीरांचं. ज्यांच्या शहरात आपण मासे मोजत हिंडतो ते 'नवाब'सुद्धा 'नायब'चं अनेकवचन! एक माणूस, पण शब्द घाऊक. मोठ्या माणसाला आदरार्थी बहुवचन लावायची खोड सगळ्यांचीच.

'मानमरातब' हा शब्द बनला त्याची रीत ओळखीची आहे. एक शब्द संस्कृत घराण्यातला, त्याच अर्थाचा दुसरा अरबी-फारसीतला, आणि दोघांची गाठ. कागदपत्र, धनदौलत, रीतिरिवाज, बाजारहाट. अशा जोडीत अर्थ दुप्पट होत नाही, वजन मात्र वाढतं. मान नुसता मिळतो. मानमरातब मिळाला म्हटलं की मागेपुढे चार माणसं चालताना दिसतात. म्हणूनच 'मानमरातब' हे 'माहीमरातब'चं बिघडलेलं रूप असावं असं कोणी सुचवलं, तर ते मला पटत नाही. माही वेगळा, मान वेगळा; मरातब तेवढा सामाईक.

बरं, माहीमरातब म्हणजे प्रत्यक्षात काय? मुघल बादशहाने द्यायचा सन्मान, आणि तो छातीवर लावायचा नसे, हत्तीवरून मिरवायचा असे. लांब काठीच्या टोकाला धातूचा, सोन्याचा मुलामा दिलेला मासा. सोबत तशाच काठ्यांवर गोळे आणि इतर चिन्हं. स्वारी निघाली की हे सगळं पुढे. सन्मानाचं मूळ इराणच्या खुस्रो परवेझपर्यंत नेणारी आख्यायिका आहे: तो गादीवर परतला तेव्हा चंद्र मीन राशीत होता, म्हणून चंद्र आणि मासा. माह आणि माही पुन्हा शेजारी! गोष्ट इतकी बेतलेली आहे की शब्दांवरूनच सुचली असावी, असा माझा संशय.

हा मासा मराठ्यांकडेही आला होता. महादजी शिंदे 1792 च्या जूनमध्ये दिल्लीच्या बादशहाकडून पेशव्यांसाठी वकील-इ-मुतलक, म्हणजे बादशहाचा मुखत्यार, या पदाची वस्त्रं घेऊन पुण्यात आले. त्या नजराण्यात नालकी-पालखी, हत्ती-घोडा, ढाल-तलवार, मोरपिसांचे मोर्चेल, शिक्के आणि दौत-कलमदान होतं, आणि हत्तींवर बादशाही निशाण, चंद्रकोरी, तारे, सूर्य आणि मासा. सवाई माधवराव तेव्हा अठरा वर्षांचे. याच भेटीत महादजींनी सोबत गुंडाळून आणलेले जोडे पेशव्यांपुढे ठेवले आणि वडिलांचं काम तेच माझं काम म्हणाले, असं सांगतात. दिल्लीचा मासा आणणारा माणूस पुण्यात जोडे पुढे करतो; मानमरातब कसा वापरायचा हे त्यांना बरोबर ठाऊक होतं.

काठीच्या टोकाला प्राणी बसवून मिरवणं आपल्याला अनोळखी नाही. पालखी सोहळ्यातले गरुडटक्के आठवा. त्यांच्या शेजारीच असतात त्या अबदागिऱ्या, त्यांचं मूळ फारसी 'आफ्ताबगीर', म्हणजे सूर्याला अडवणारी. दरबार गेले, त्यांची ही शब्दसंपत्ती देवांनी सांभाळली.

लखनौचे नवाब मुळात मुघलांचे सुभेदार. सादत खान बुर्हान-उल-मुल्क 1722 मध्ये अवधचा सुभेदार झाला. तो नदी ओलांडत असताना एक मासा उडी मारून त्याच्या पुढ्यात पडला, हा शुभशकुन, अशी तिथली लोककथा. पुढे काठीवरचा मासा भिंतीवर उतरला आणि मग नाण्यावरही: त्या रुपयाला 'मछलीदार' असंच नाव पडलं. आज उत्तर प्रदेश सरकारच्या बोधचिन्हातही धनुष्यबाणाखाली दोन मासे आहेत. नवाब गेले, इंग्रज गेले, मासे कागदपत्रांच्या माथ्यावर बसलेत.

कैसरबागेच्या एका दरवाज्यापाशी मी बराच वेळ मान वर करून उभा होतो. कमानीच्या दोन खांद्यांवर दोन मासे, तोंडं एकमेकांकडे, अंग कमानीच्याच बाकाने वळवलेलं. खवले कोरलेले नाहीत. चुना ओला असताना नखाने दाबावं तशा अर्धचंद्राकार खुणा आहेत, शेपटीकडे बारीक बारीक होत गेलेल्या. डावीकडच्या माशाचा कल्ला गळून पडला होता आणि आतली लखौरी वीट दिसत होती, बोटभर जाडीची. दुरून दगडी वाटणारा मासा आतून विटांचा आणि वरून चुन्याचा. सोन्याचा मुलामा दिलेल्या माशाचा वंशज म्हणून हे बरोबरच.

पण मग दोन का? सन्मानात तर एकच मासा असायचा. माझं उत्तर साधं आहे: कमानीला खांदे दोन. शिवाय माशांची जोडी या मातीत नवाबांच्या कितीतरी आधीपासून शुभ मानलेली. जैनांच्या अष्टमंगलात मीनयुगल आहे, बौद्धांच्या आठ शुभचिन्हांत सोनेरी मासे आहेत. दक्षिणेत पांड्य राजांचं चिन्हच मासा, आणि त्यांच्या मदुराईची देवी मीनाक्षी. हा 'मीन' संस्कृतात द्राविड भाषांतून आला, असं बहुतेक अभ्यासक मानतात. तमिळमध्ये आजही माशाला मीनच म्हणतात. तमिळमध्ये याच शब्दाने ताराही सांगता येतो, 'विण्मीन', आकाशातला मीन. आपण राशीला मीन म्हणतो आणि ताटातल्याला मासा, त्यांना दोन्हीकडे एकच शब्द पुरतो.

गाईडने तुम्हाला मच्छी भवनाची गोष्टही सांगितली असेल. लखनौचा हा जुना किल्ला इंग्रजांनी 1857 च्या उठावात स्वतःच सुरुंग लावून उडवला. त्याला सव्वीस कमानी, प्रत्येकीवर दोन मासे, म्हणजे बावन्न. म्हणून 'मच्छी बावन', आणि त्याचं पुढे 'भवन' झालं, अशी व्युत्पत्ती तिथे सांगतात. ऐकायला झकास आहे. मला मात्र ती उलटी वाटते: नाव आधी 'भवन' असावं आणि बावन्नचा हिशेब नंतर जुळवला असावा. ज्या व्युत्पत्तीत आकडा इतका चोख बसतो तिच्याकडे मी जरा तिरकंच बघतो.

राहिला लिहायचा प्रश्न. प्रवासवर्णनात 'माहीमरातब' असा जोडून लिहा. मोल्सवर्थमध्येही तो आहे. 'मरातिब' हा गाईडच्या तोंडी ठेवा, तिथे तो शोभतो. 'मत्स्यसन्मान' वगैरे काही नव्याने घडवू नका, ती एखाद्या मत्स्यपालन खात्याची योजना वाटेल. आणि सहामाहीच्या परीक्षेत कोणी नापास झालं, तर त्याचा दोष माशांवर टाकता येणार नाही.