बायपासपलीकडे घर घेण्याआधी

इंदूरच्या रामबागेतले घर विकून बायपासपलीकडे रो-हाउस घ्यावे का, आणि दारात गाडी असताना अंतराची चिंता कशाला, असे आपण विचारले आहे. आम्हीही असाच हिशेब करून तिकडे राहायला गेलो, म्हणून सविस्तर लिहितो. कर्ज, रेरा (गृहप्रकल्प नियामक) नोंदणी, नकाशाची मंजुरी हे आपण पाहिलेच असेल. मी नगररचनेचा जाणकार नाही, त्यामुळे हे केवळ अनुभवाचे मत समजावे.

स्वस्त गाडीने शहर कसे पसरते, हे अमेरिकेत आपल्या कितीतरी आधी दिसले. तिथली जुनी उपनगरे ट्रामच्या मार्गालगत वाढली, कारण थांब्यापासून घर पायी गाठता आले पाहिजे असे. दोन मार्गांमधली शेते तशीच पडून राहत. १९०८ मध्ये ८५० डॉलरला निघालेली फोर्डची मॉडेल टी १९२५ च्या सुमारास ३०० डॉलरच्याही खाली मिळू लागली आणि मधली ती शेतेही घरांसाठी खुली झाली. पण हे एकट्या गाडीचे काम नव्हते. १९३४ पासून गृहकर्जाला सरकारी विम्याचे पाठबळ होते, दुसऱ्या महायुद्धाहून परतलेल्या सैनिकांना सवलतीचे कर्ज मिळाले, आणि १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांचा ९० टक्के खर्च केंद्राने उचलला. न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटटाउनमध्ये १९४७ पासून काही वर्षांत १७,००० हून अधिक घरे उभी राहिली ती या आधारावर. अर्थात तिथे कृष्णवर्णीय कुटुंबांना घर दिले जात नव्हते, हेही विसरता येत नाही.

आपल्याकडे १९८३ च्या अखेरीस मारुती ८०० आली आणि पुढे हप्त्यांवर गाडी घेणे सोपे झाले, तसा मध्यमवर्ग शहराच्या मध्यातल्या राजवाड्यापासून लांब राहण्याचा विचार करू लागला. गाडी पोहोचली, पण बस, दिवे आणि गटारे तिच्या वेगाने पोहोचली नाहीत.

आम्हाला सर्वांत महाग पडला तो सर्व्हिस रोडपासून कॉलनीच्या फाटकापर्यंतचा रस्ता. त्यावर दिवे नव्हते आणि पावसाळ्यात कडेची माती खचून खड्डे पडत. आम्ही रहिवाशांनी एका कार्यालयात अर्ज दिला. तो महिनोन्‌महिने पडून राहिला आणि शेवटी ‘कॉलनी हस्तांतरित झालेली नसल्याने विषय आमच्या अखत्यारीत येत नाही’ अशा एका ओळीच्या शेऱ्यासह परत आला; म्हणजे बिल्डरने कॉलनी अजून महापालिकेकडे सोपवलेली नव्हती. मग अखत्यारीत कोणाच्या येतो, हे त्यांनी लिहिले नाही आणि समोर उभे राहून विचारल्यावर सांगितलेही नाही. त्या काळात आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई अंधार पडण्याआधी निघता यावे म्हणून काम अर्धे टाकून जात, आणि दृष्टी अधू झालेले माझे वडील रामबागेतल्या मित्रांना भेटायलाही माझ्या सुट्टीची वाट पाहत. हे आठवले की आजही संताप होतो, कारण त्या कार्यालयाने निदान योग्य ठिकाणाचे नाव लिहून दिले असते तरी दिवे कितीतरी आधी लागले असते.

म्हणून माझा आग्रह असा की घरातले जे गाडी चालवत नाहीत, त्यांच्या पायांनी ही जागा पाहावी. दिवस मावळल्यावर राजवाड्याहून बस किंवा रिक्षाने तिथे जाऊन परत या. दुसरी गाडी लागणारच, असे धरून तिचा हप्ता, विमा आणि पेट्रोल घराच्या किमतीत मिळवा; आमच्याकडे ती वर्षाच्या आत घ्यावी लागली. पोहोच रस्ता कोणाच्या नावावर आहे हे खसरा-नकाशात (जमिनीच्या सरकारी नोंदीत) बघा आणि कॉलनी हस्तांतरित झाली असेल तर त्या आदेशाची प्रत मागा. ‘होऊन जाईल’ असे उत्तर मिळाले तर बयाणा देऊ नका. (विहीर-बोअरचे पाणीही उन्हाळ्यात जाऊन पाहावे, पण तो वेगळा विषय आहे.)

आपल्या आई-वडिलांबद्दल आपण काही लिहिले नाही. ते सोबत राहणार असतील आणि गाडी चालवत नसतील, तर निदान एक पावसाळा तिथे भाड्याने राहून पाहावे आणि तोवर रामबागेतले घर विकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.