दुर्बिणीतून वजनाचं ऑपरेशन झाल्यावर टाक्याच्या जागी फुगवटा आलाय, तो चोळून जाईल का?

तुम्ही परळीजवळच्या गावातून लिहिलंय : आईचं स्लीव्हचं (वजन उतरवायला जठराचा मोठा भाग कापून काढायचं) ऑपरेशन होऊन ७ महिने झाले, बेंबीच्या वर उजव्या अंगाला लिंबाएवढा फुगवटा आहे, खोकलं की वर येतो, आडवं झालं की जातो, आणि शेजारपाजारचे तेल लावून चोळायला सांगतात. चोळणं आजच बंद करा. टाक्याची गाठ आडवं झाल्यावर आत जात नाही. हा बहुतेक हर्निया आहे, म्हणजे पोटाचा आतला पडदा उसवून आतली चरबी किंवा आतडं बाहेर डोकावणं.

पोटावर ४-५ भोकं पाडतात. ५ मिलिमीटरची भोकं क्वचितच त्रास देतात. स्टेपलर (जठर कापून पिना मारणारं हत्यार) आत न्यायला मात्र १२ किंवा १५ मिलिमीटरचं भोक लागतं, आणि कापलेला जठराचा मोठा तुकडा त्याच भोकातून ओढून काढतात. ते तेव्हा ताणलं जातं. पोटाला खरा आधार कातडीचा नसतो, चरबीच्या खालच्या पांढऱ्या चिवट पडद्याचा असतो. टाका त्या पडद्याला पडायला हवा. जाड पोटात इतक्या खोल चरबीतून तो घालणं फार अवघड, म्हणून त्यासाठी वेगळी सुई वापरतात. टाका नीट बसला नाही, जखमेत पू झाला, किंवा पहिल्या ६ आठवड्यांत ताण पडला, की पडदा उसवतो. १५ लिटरची भरलेली कळशी म्हणजे १५ किलो, हे घरच्यांच्या लक्षात येत नाही. शुगर, मिश्री, प्रोटीनची कमतरता आणि लोहाच्या गोळ्यांनी होणारी बद्धकोष्ठता यांचाही हात असतो. मग वजन उतरतं, चरबी पातळ होते, आणि आत दडलेला हर्निया उघडा पडतो. ७ महिन्यांनी दिसण्याचं कारण बहुधा हेच.

लहान आहे म्हणून निर्धास्त राहू नका. अरुंद तोंडाच्या भोकातच आतडं पटकन अडकतं. कधी आतड्याची एकच बाजू चिमटते. मग गॅस जातो, शौचालाही होतं, पोटही फुगत नाही, आणि आत तो भाग काळा पडत असतो. म्हणून "गॅस जातोय ना" यावर विसंबू नका. फुगवटा आत जाईना, दगडासारखा टणक झाला, दुखू लागला, वरची कातडी लाल झाली किंवा उलट्या सुरू झाल्या, तर दाबून आत ढकलायचा प्रयत्न करू नका. काही खायला-प्यायला न देता थेट अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ शासकीय रुग्णालय गाठा. सकाळपर्यंत थांबू नका.

सध्या दुखत नसेल तर याच आठवड्यात सर्जनला दाखवा. सोनोग्राफी आडवं झोपवून केली तर हर्निया आत गेलेला असतो आणि रिपोर्ट "नॉर्मल" येतो; उभं करून, खोकायला लावून करायला सांगा. चरबीमुळे तरी दिसला नाही तर सीटी स्कॅन.

त्रास नसेल तर हर्नियाच्या भोकावर जाळी बसवायचं ऑपरेशन वजन एका जागी थांबेपर्यंत, साधारण १२ ते १८ महिन्यांपर्यंत, पुढे ढकलता येतं. दुखत असेल तर इतकं थांबणं माझ्या मते बरोबर नाही. पट्टा बांधायचा तर आडवं झोपून, फुगवटा आत गेल्यावर. त्याने भोक बुजत नाही, फक्त आधार मिळतो. तोवर ५ किलोच्या वर काही उचलू देऊ नका, मिश्री सोडायला लावा, आणि रोज ६० ग्रॅम तरी प्रोटीन पोटात गेलं पाहिजे. नुसत्या पातळ वरणावर ते भागत नाही. अंडी, पनीर, दही किंवा डॉक्टरांनी दिलेली पावडर लागते.

डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स आईच्या पिशवीतच ठेवा. रात्री तातडीत पोहोचलात तर डॉक्टरला पहिलं वाक्य "स्लीव्ह झालंय" हेच सांगा. उलट्या होणाऱ्या पेशंटला नाकातून नळी घालताना जठर कापलेलं आहे हे त्यांना आधी कळायला हवं.